मेणाचं विरजण

आई,

"मेण जपायला नसतं गं, जाळायला असतं." हे तू मला नाशिक रोडच्या आपल्या घरात, भर दुपारी, माझं कपाट उघडं टाकून म्हणाली होतीस. माझ्या ओढण्यांच्या घडीखाली तुला मेणबत्त्यांची एक जोडी सापडली होती. त्या वर्षीच्या सगळ्यांत सरळ, सगळ्यांत पिवळ्या दोन मी गुपचूप बाजूला काढल्या होत्या आणि चार महिन्यांत त्यांच्यावर पांढुरकं काहीतरी चढलं होतं. मला वाटलं, बुरशी आली, आता गेल्या. तू हसलीस. पदराने एक पुसलीस, आणि ती पुन्हा मधासारखी चमकायला लागली. बुरशी नाही, साय आहे ती, म्हणालीस. मेण नुसतं पडून राहिलं की त्यावर साय धरते. मग ते वाक्य म्हणालीस, जोडीला बांधून ठेवणारी वात मधोमध कापलीस, आणि ना सण ना पौर्णिमा, ओट्यावर दोन्ही मेणबत्त्या पेटवल्यास. खिडकीतून एवढं ऊन येत होतं की ज्योती दिसतही नव्हत्या. त्यांच्यासमोर बसून आपण भेंडीची भाजी आणि भाकरी खाल्ली. मी नुकतीच बी.ए. होऊन घरी बसलेली, नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. मी फुगून बसले होते आणि तू दोनदा भाजी वाढून घेतलीस.

आता माझी चाळिशी उलटलीय, आणि या क्षणी इंदिरानगरच्या माझ्या ओट्यावर गॅस बारीक आहे, पातेल्यात पाणी आहे, पाण्यात तुझा तो तुपाचा उंच डबा आहे आणि डब्यात मेण आहे. खरं मेण, मधमाश्यांचं, पेठकडचं. ते अजून पूर्ण वितळलेलं नाही. त्याला घाई चालत नाही हे तूच शिकवलंस, म्हणून हात बांधल्यासारखी इथे टेबलाशी बसून लिहिते आहे, आणि दर दोन ओळींनी उठून डब्यात डोकावते आहे. पुढच्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये घरगुती आणि हाताने केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. मला अर्धं टेबल मिळालंय. उरलेल्या अर्ध्यावर नागलीचे पापड आहेत. त्या पापडवाल्या बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला की तुमच्या मेणबत्त्या वितळून माझ्या पापडांवर तर येणार नाहीत ना. मी म्हटलं, आल्या तर पापड तसेच पेटवा. त्या हसायच्या थांबेनात. आई, मला किती वर्षांनी असं झालंय, सकाळी जाग येते ती काहीतरी करायचंय म्हणून येते.

तुझं हे सगळं सुरू झालं ते चोथ्यापासून. तू पेठच्या पलीकडच्या उपकेंद्रात नर्स होतीस, आठवडाभर तिकडे आणि शनिवारी घरी. तिथल्या एका पाड्यावरच्या मावशीचं बाळंतपण तू केलंस. तिचा नवरा कड्यावरची आग्या मोहोळं काढायचा. मध पिळून झाला की पोळ्याचा चोथा ते उकिरड्यावर टाकायचे. तू तो मागितलास. "चोथ्याचं काय करशील, सिस्टर?" तिने विचारलं होतं, "कुत्रं बी नाय हुंगत." ही गोष्ट तू तिच्या आवाजात सांगायचीस. तुझ्या डोक्यात आपलं विहार होतं. विकतच्या पांढऱ्या मेणबत्त्या वैशाखाच्या उकाड्यात माना टाकायच्या, आणि बुद्धमूर्तीच्या मागची भिंत काजळीने काळी व्हायची. दर वर्षी बुद्धपौर्णिमेनंतर ती भिंत घासायला तूच जायचीस. तर तो चोथा तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलास, एसटीने नाशिकला आणलास, तिथून शहर बसने नाशिक रोडला. वासाने मधमाश्याही आल्या. कुठून लागल्या कोण जाणे, पण तू दारात डबा उघडलास आणि पाच-सहा माश्या तुझ्या डोक्याभोवती गरागरा फिरायला लागल्या. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "सिस्टर, माश्यांचा पण पास काढलाय वाटतं."

मग पाण्यात उकळणं, जुन्या धोतरातून गाळणं, पातेलं तसंच रात्रभर निवत ठेवणं. सकाळी पाण्यावर मेणाची पिवळी भाकरी धरलेली असायची. ती उलटी करून खालचा काळा मळ सुरीने खरवडायचं काम माझं. मळ खरवडला की हाताला जो वास राहायचा तो मी शाळेत, कॉलेजात, सगळीकडे नेला. आणि तुझी छत्री! कापड उडालेली दादांची जुनी काळी छत्री तू स्वयंपाकघरातल्या कडीला उलटी टांगलीस. आठ काड्या, प्रत्येक काडीवर सुताची एक लांब वात, दोन्ही टोकं खाली लोंबणारी. एक वात उचलायची, दोन्ही टोकं मेणात बुडवायची, परत काडीवर टाकायची, छत्री जराशी फिरवायची की पुढची समोर. एक फेरी होईपर्यंत पहिली सुकलेली. मी पहिल्यांदा बुडवली तेव्हा मेणात धरून ठेवली आणि आधीचे सगळे थर परत डब्यात गेले. "बुडव आणि काढ," तू म्हणालीस. "तिला डुंबायला नाही आणलंय." किती वेळा बुडवायची हे मी विचारलं की तू करंगळी पुढे करायचीस. करंगळीएवढी झाली की पुरे. मग ऊन ऊन असतानाच बूड कापून अंगठ्याने चपटं करायचीस, आणि प्रत्येक मेणबत्तीच्या बुडाशी तुझा अंगठा उमटायचा.

दादांनी विहारासाठी सागवानी फळीला भोकं पाडून स्टँड केला तेव्हा त्यांनी माप घेतलं ते मेणबत्तीचं नाही. तुझी करंगळीच धरली आणि तिच्याभोवती सुतळी गुंडाळली. काकू दारात उभ्या होत्या. लग्नाच्या इतक्या वर्षांनी सिस्टरचा हात धरायला निमित्त सापडलं म्हणाल्या, आणि दादा कानापर्यंत लाल झाले. ते प्रेसमधून रिटायर होईपर्यंत काकू त्यांना त्यावरून चिडवत राहिल्या.

विरजणाची पद्धतही तुझीच. पौर्णिमा झाली की कॉलनीतल्या प्रत्येक घराने आपल्या मेणबत्तीचं थोटूक आणून द्यायचं, आणि पुढच्या वर्षीच्या मेणात ती सगळी थोटकं आधी पडायची, नवं मेण नंतर. त्याला तू विरजण म्हणायचीस. कुणी थोटूक हरवलं तर तू काही बोलायची नाहीस, पण पुढच्या वर्षी त्या घरी जाऊन एक कप चहा पिऊन यायचीस आणि त्यांना ते बरोबर कळायचं. मी तेव्हा फार शहाणी होते. मी म्हटलं, मेण काय दूध आहे का, जुनं टाकल्याने काय फरक पडतो? तू छत्री फिरवता फिरवता म्हणालीस, "मेणाला नाही पडत. घरांना पडतो."

तू गेलीस त्या वर्षीच्या मेणबत्त्या तूच केल्या होत्यास, खुर्चीवर बसून. मी छत्री फिरवत होते आणि तू मध्येच थांबून दम खात होतीस. त्यातली एक जोडी घरी राहिली. जोडीतली एक तुझ्या उशाशी जळाली. दुसरी मी माझ्या कपाटात ठेवली, ओढण्यांऐवजी आता साड्यांच्या घडीखाली. पुढच्या वैशाखात विहारात परत विकतच्या मेणबत्त्या आल्या. पेठला जायला माझ्याकडे कारण उरलं नाही, किंवा मी ते शोधलं नाही. माझं लग्न झालं, नोकरी लागली, दादाही गेले. थोटकांचा डबा कुणीतरी आवरताना टाकून दिला.

आणि या माघात काय झालं ते ऐक. द्राक्षांच्या छाटणी-तोडणीला पेठकडची माणसं येतात तशी एक बाई आली, आपल्या जुन्या घरी चौकशी करत, तिथून काकूंनी तिला माझा पत्ता दिला. डोक्यावर गोणपाटाचं बोचकं. तुझ्या त्या मावशीची सून. दारातच म्हणाली, "सासूनं धाडलं. सिस्टरच्या लेकीला दे, म्हनली. घरात लय ढीग झालाय, उंदीर बी खात नाय." मी बोचकं सोडलं तर आत मेणाच्या भाकऱ्या, एकावर एक, काही ताज्या, काही सायीने पांढऱ्याफटक. तू मावशीला गाळायला शिकवून ठेवलं होतंस हे मला माहीतच नव्हतं. तू येणार नाहीस हे कळल्यावरही ती दर हंगामाला गाळत राहिली. चोथा टाकायला तिचा हात वळला नाही, सून सांगत होती. मी तिला चहा दिला आणि मग एकदम बसून घेतलं, कारण स्वयंपाकघरात तुझा वास आला होता. त्या सुनेने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रडायला काय झालं? वाईट हाय का मेण?"

मग मी सुटलेच. जुन्या बाजारातून मोडकी छत्री आणली; दुकानदाराला कापड नको, फक्त काड्या हव्यात हे पटेना. सूत आणलं. थोड्या मेणाच्या आधी चाचणीपुरत्या मेणबत्त्या केल्या, आणि रविवारी त्या घेऊन नाशिक रोडला विहारात गेले. दादांचा स्टँड अजून आहे, आई. मी एकेक मेणबत्ती भोकात उभी केली, आणि त्या सगळ्या, एकूण एक, कलल्या. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, दोन तर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझं काय चुकलं ते मलाच कळेना. मी तर अगदी तू सांगितलंस तसं, दर फेरीला करंगळी लावून बघितली होती. काकू आता काठी घेऊन चालतात. त्या पुढे आल्या, माझा हात धरून उलटा केला, आणि म्हणाल्या, "पोरी, करंगळी तुझी आणि स्टँड आईचा. कशी बसेल?"

तेव्हा मी पर्समधून ती साड्यांखालची मेणबत्ती काढली. माप घेण्यापुरती, म्हणून बरोबर नेली होती. भोकात घातली तर अशी बसली की जणू तिथेच वाढली होती. काकूंनी ती काढून हातात घेतली, नाकाशी नेली, बुडाशी निरखून बघितलं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की जुन्यातलं काही उरलेलं नाही, आता नव्यानेच सुरुवात. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात परत दिली आणि एवढंच म्हणाल्या, "मग विरजण आहे की तुझ्याकडे." आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. तुझ्या वेळच्या तिघी-चौघीच आहेत त्यांत, बाकीच्या सुना. पण त्यांनाही ठाऊक आहे. दर वर्षी सासवा सांगतात म्हणे, आमच्या वेळी अशा मेणबत्त्या असायच्या, आणि थोटूक परत द्यावं लागायचं.

आज ते सगळं मेण डब्यात आहे. प्रदर्शनातल्या अर्ध्या टेबलाचं आणि पौर्णिमेचं, दोन्हीचं एकत्र. विरजण आधी पडायचं असतं, ते मी चुकवलं आहे, नवं मेण आधीच घातलंय. बघ, अजूनही मी वेळ काढते आहे. पण तुझं निम्मं ऐकलं आहे. हे पत्र सुरू करायच्या आधी मी ती मेणबत्ती पेटवली. भर दुपारी, ओट्यावर, खिडकीतून ऊन येत असताना. वरची साय मी इतकी वर्षं कधी पुसली नाही, बुडाशी तुझा अंगठा आहे आणि तो पुसला जाईल ही भीती. पेटवतानाही पुसली नाही. आधी वात तडतडली, मला वाटलं विझते. मग ज्योत सरळ उभी राहिली. ऊन असल्यामुळे ती नीट दिसत नाही, पण वर हात धरला की कळतं. मी सकाळची भाजी गरम करून तिच्यासमोर जेवलेसुद्धा. भेंडी नव्हती, गवार होती. आणि मी फुगले नव्हते. मी दोनदा वाढून घेतली.

आता ती बरीच खाली आली आहे. डब्यातलं मेण वितळलंय, तळापर्यंत स्वच्छ दिसतंय, छत्री टांगून तयार आहे, आणि या वेळी स्टँडच्या भोकांचं माप मी सुतळीने घेऊन आले आहे. तुझ्या करंगळीचंच ते. ज्योत अंगठ्याच्या वर दोन पेरांवर आली की मी ती चिमटीत विझवणार आहे. मग हातात राहील ते थोटूक, आणि कॉलनीतल्या प्रत्येक घराने थोटूक परत द्यायचं असतं, ते आपल्या घरालाही लागू आहे, तू दादांनासुद्धा कधी सूट दिली नाहीस. विरजणाला वरचे थेंब चालणार नाहीत का? बशीत ओघळलेले बरेच आहेत, ते सगळे टाकते. तुझं मेण त्यातही आहेच. घरांना तेवढ्याने फरक पडेल की. तू छत्री फिरवत माझ्याकडे न बघता काय म्हणशील ते मला ऐकू येतंय, तरी विचारते. तुझा अंगठा असलेलं हे एवढं एकच थोटूक, आई, ते मला राहू देशील?