तुला काय पाहिजे ते सांग

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. चेहरा मात्र लगेच येतो. घाटकोपरच्या डोंगराखालची आपली म्युनिसिपालिटीची शाळा, सातवीचा वर्ग, आणि टेबलाला टेकून उभ्या तुम्ही, पदर कमरेला खोचलेला, बोटांना खडू. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात. तो विषय कुणालाच आवडायचा नाही, कारण परीक्षेत त्याला मार्क कमी. मी वरच्या वस्तीतली, दुसऱ्या बाकावरची मुलगी. आता माझी साठी उलटली आहे. समोर आले तर तुम्ही ओळखाल की नाही, माहीत नाही.

एके दिवशी तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हा देश कसा असावा? एकेकाने सांगा." पहिला हात माझा. मी निबंधाच्या गाईडमधलं घडाघडा म्हणून दाखवलं, भारत जगात अग्रेसर व्हावा, घरोघरी समृद्धी नांदावी. तुम्ही मध्येच थांबवलंत. "हे छापलेलं आहे. तुला काय पाहिजे ते सांग." माझे कान तापले, मी खाली बसले. मग बाकीचे बोलायला लागले. एक जण म्हणाला, आमच्या घराला नंबर पाहिजे, पोस्टमन वर चढतच नाही. एक मुलगी म्हणाली, जोराचा पाऊस असला की डोंगरावरून दगड येतात म्हणून आई आम्हाला झोपू देत नाही, तर झोपता येईल असा देश पाहिजे. तुम्ही कुणालाही हे बरोबर, हे चूक असं म्हणाला नाहीत. शेवटी परत माझ्याकडे बघितलंत. मी उभी राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "संडासाला आतून कडी." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "हसण्यासारखं काय आहे त्यात? तुमच्या बहिणी काय करतात, घरी जाऊन विचारा." विचारायची गरज नव्हती. एक मुलगी आत जायची आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

मला वाटलं, संपला विषय. पण शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हा तिघी मुलींना घेऊन वॉर्ड ऑफिसला निघालात. सरकारी कचेरी मी पहिल्यांदा बघत होते. फायलींचे ढीग, वर गरगरणारा पंखा, आणि आमच्याकडे न बघता बोलणारा क्लार्क. "बाई, तुम्ही शाळा सांभाळा ना. ती वस्ती आमच्या यादीत धरतच नाहीत." तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "या मुलींना एवढंच सांगा, कडी कुणी लावायची? मग आम्ही त्याच्याकडे जातो." त्याने दुसऱ्या टेबलाकडे धाडलं, दुसऱ्याने वरच्या मजल्यावर, आणि वरचे साहेब जेवायला गेलेले. आपण पुन्हा गेलो. परत पुन्हा गेलो. येताना तुम्ही आम्हाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खायला घातलीत. मी विचारलं, "बाई, ते काही करणार नाहीत ना?" तुम्ही म्हणालात, "करतील की नाही ते मलाही माहीत नाही. पण आपण मागितलंच नाही, तर आपल्याला काय लागतं हे त्यांना कळणार कसं?"

पावसाळ्याच्या आधी दोन माणसं धापा टाकत वर आली आणि संडासांच्या दारांना कड्या ठोकून गेली. बघायला बायका जमल्या होत्या. आई म्हणाली, तुझ्या बाईंना घरी बोलव. तुम्ही आलात. आमच्या स्वयंपाकघरात, म्हणजे पडद्याच्या आड स्टोव्ह होता तिथे, पाटावर बसून घावणे खाल्लेत. आई मालवणी, ती माझ्याकडे बोट दाखवून तुम्हाला म्हणाली, "बाईनू, आता ह्या चेडवाचा तोंड कोण बंद करतला?" तुम्ही म्हणालात, "कशाला बंद करायचं?" आणि आईकडे आणखी एक घावणा मागून घेतलात.

त्यानंतर मी शिकले, पालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका म्हणून लागले. तुम्हाला पेढे घेऊन यायचं ठरवलं होतं. बाजारात तुमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिच्याकडून कळलं की मी नोकरीला लागले त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता मी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. घराला नंबर आहे, नळाला पाणी आहे, कितीही पाऊस लागला तरी झोप लागते. त्या दिवशी वर्गात मागितलेलं बहुतेक सगळं माझ्या वाट्याला आलं. ते मी नाकारणार नाही. पण नवरा वारला, मुलगा बेंगळुरूला असतो, आणि दुपारी जेवण झालं की मी लिफ्टचा आवाज ऐकत बसते. नोकरीत असताना बाळांना डोस पाजायला अख्ख्या वॉर्डाची दारं ठोठावली. लोक बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. आता कुणाचं दार ठोठावायला माझ्याकडे काही कामच उरलेलं नाही.

गेल्या पंधरा ऑगस्टला इमारतीच्या आवारात झेंडावंदन झालं. मग तरुण पोरं एकेक करून बोलली. कुणाला बुलेट ट्रेन पाहिजे होती, कुणाला चंद्रावर आपला माणूस. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, तुम्ही सीनियर आहात. देशाच्या भविष्यावर दोन शब्द बोला ना, झकास." मी माईक हातात घेतला आणि तोंडातून निघालं, भारत अग्रेसर, घरोघरी समृद्धी. या वयात, बाई. मी थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी म्हणाले, "मला दुपारचं बोलायला कुणीतरी पाहिजे." मागे कुणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरीने हळूच माईक काढून घेतला, "काकू जरा इमोशनल झाल्या, टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या झाल्या, जिलेबी वाटली. मी वर आले ती दोन दिवस खाली उतरलेच नाही.

मग एका दुपारी बेल वाजली. समोरच्या दारातली बाई. मुलाबरोबर राहायला उत्तरेतून आलेली, माझ्याच वयाची. "उस दिन आप सही बोली थीं. मेरा भी दिन नहीं कटता." मी चहा टाकला. बोलता बोलता मी तिला तुमचाच प्रश्न विचारला. तिने बशी खाली ठेवली. तिचा मुलगा पुलाच्या बांधकामावर क्रेन चालवतो. "बेटा रोज इतना ऊपर चढ़ता है. शाम को सही-सलामत उतर आए. देश से और क्या माँगूँ?" मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

आमच्या तळमजल्यावर एक खोली आहे, दारावर "कल्याण केंद्र" अशी पाटी आणि खाली कुलूप. आत बिल्डरच्या उरलेल्या लाद्या आणि मंडपाचे बांबू. आम्ही दोघींनी ठरवलं, बायकांना दुपारी बसायला-बोलायला या खोलीची चावी मागायची. सेक्रेटरी म्हणाला, कमिटीत विषय घेतो. पुढच्या वेळी म्हणाला, चावी खजिनदाराकडे आहे. खजिनदार म्हणाला, "आंटी, कशाला खाली बसताय, घरी टीव्ही आहे ना?" माझी मैत्रीण वैतागली, "छोड़ो ना." मी म्हटलं, सोडायचं नाही, मागत राहायचं. दिवाळीनंतर चावी मिळाली. आम्ही लाद्या एका कडेला लावल्या, फरशी धुतली, सतरंजी अंथरली. पहिल्या दुपारी बायका आल्या, गुडघे, सुना, गॅस, सगळं बोलून झालं. एकीने भजी आणली होती. त्या दिवशी मला फार वाटलं बाई, की तुम्ही दारात येऊन उभ्या राहाव्यात.

नंतर बायका कमी होत गेल्या. कुणाची सिरियल, कुणाची नातवंडं. समोरच्या बाईच्या मुलाचं काम दुसऱ्या शहरात निघालं आणि ती त्याच्याबरोबर गेली. जाताना मला मिठी मारून रडली. तिच्या दाराला आता कुलूप आहे.

मी रोज खाली जाते, खोली उघडते, पंखा लावते. हे पत्रही सतरंजीवर बसूनच लिहिलं. ते कुठे टाकायचं नाही, घडी करून पर्समध्ये ठेवीन. मुलगा फोनवर विचारतो, "आई, कशी चाललीय तुझी खोली?" मी सांगते, "भरते रे, कधी कधी जागा पुरत नाही." त्याला बरं वाटतं, ते मला ऐकू येतं. तुम्हाला तसं सांगवत नाही. या आठवड्यात कुणीच आलं नाही.