काचेच्या छपरातलं ऊन

१९ मे, रविवार

आज बकलनं मांडी भाजली! गाडीचा पट्टा लावायला गेले आणि तापलेलं लोखंड सरळ कातडीवर. किंचाळलेच. रॉइस म्हणाला, "फडकं टाकून ठेवायचं ना त्याच्यावर." फडकं! निवृत्तीची हौस म्हणून नवऱ्यानं एवढी लालभडक स्पोर्ट्स कार घेतली, त्यात जेमतेम दोन माणसं बसणार, आणि त्यातल्या एकानं मांडीवर फडकं घेऊन बसायचं.

गाडीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या छपराशी. उचलून काढता येतं ते. पुढचे खटके सोडायचे, मागचा सोडायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, की डिकीत जाऊन बसतं. पण टूसॉनच्या या वाळवंटी उन्हाळ्यात छप्पर काढून फिरणार कोण? कुत्रंसुद्धा नाही. आणि लावून फिरावं तर ते आरपार! काळपट काच असावी तसं. आभाळ दिसतं, गिधाडं दिसतात, आणि सूर्य नेमका टाळूवर. पायाशी एसीचा गारवा, डोक्यावर तवा.

हिवाळ्यात माझ्या कपाळावरची गाठ काढली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या — "आता उन्हाशी वैर आहे असंच समजा." रॉइस शेजारच्या खुर्चीत होता. माझ्याआधी त्यानंच मान हलवली.

२३ मे

छपराला आतून फिल्म लावून घेऊ म्हटलं. ऊन अडवणारी मिळते, काळोख न करता. त्याच्या गाड्यांच्या क्लबातल्या दोघातिघांनी लावलीय.

"बुडबुडे येतात त्याला. छप्पर तडकतं," रॉइसनं उडवून लावलं. मग म्हणाला, "मार्लिस, सगळा जन्म डुलुथच्या त्या गोदामात काढला मी. वर पत्रा आणि ट्यूबलाइट. आता मला आभाळ बघायचंय."

"आणि मी?"

"तू टोपी घाल ना."

घातली. छपराला लागते. मान वाकडी करून बसले चर्चपर्यंत.

२८ मे

नाही म्हणतोस ना? मग माझं मी बघते! पडदे शिवून पोट भरलंय मी, मला काय शिकवतोस.

पुढच्या काचेला लावतात ती चंदेरी चादर आणली. कपड्यांची घडीची टोपली मोडली, तिची तार काढली. छपराच्या मापाचा कागद कापला आणि तारेला कापड शिवून काढलं. दाबून बसवलं की कडेच्या खाचेत अडकतं. ओफेलिया कुंपणावरून बघत होती. शेजारीण कसली, पहारेकरीण आहे. "अगं, हे काय, गाडीला परकर?" म्हणाली. हसून हसून पोटात दुखलं.

संध्याकाळी बसवून पाहिलं. हात वर धरला — फरक आहे! चांगलाच आहे!

३० मे

घाटात वळणावर माझा परकर सुटला आणि रॉइसच्या डोक्यावर. आंधळा झाला बिचारा, क्षणभर. मी स्टिअरिंगला हात घातला. कडेला थांबलो. मला वाटलं आता ओरडणार. तर डोक्यावर ती चांदी तशीच ठेवून म्हणाला, "पोप झालो का मी?"

किती दिवसांनी असे हसलो! घरी आल्यावर कोपऱ्यांना टाके घालून घट्ट केलं. आता नाही पडणार.

१ जून

क्लबाच्या न्याहारीला एकटाच गेला. मी नंतर किराणा काढायला डिकी उघडली, तर माझं शिवलेलं जॅकखाली चुरगाळून कोंबलेलं. तार वाकलेली.

"पोरं हसली," म्हणाला. पोरं! सगळे सत्तरीचे.

लागलं मला.

४ जून

कोरिनचा वाढदिवस.

शेवटचं वर्ष राहिलेलं कॉलेज सोडून त्या माणसाबरोबर ऑरेगॉनला गेली, तेव्हा फोनवर आम्ही मायलेकी नको ते बोललो. दोघीही. त्यानंतर तिचा नंबर बदलला. रॉइसकडे आहे नवा. अधूनमधून तोच बोलतो तिच्याशी, गॅरेजमध्ये उभा राहून. आज सकाळीही बोलला. दाराशी उभी राहिले मी, तो बाहेर येईपर्यंत.

"बरी आहे."

"माझ्याबद्दल काही...?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अजून तयार नाही ती. वेळ दे. मी आहे ना मधे."

आहे खरा. तो नसता तर लेक जिवंत आहे की नाही हेही कळलं नसतं मला. त्या परकराचा राग धरून बसले होते. आज सोडला.

१५ जून

अजब! अजब!

पारा एकशे नऊ फॅरनहाइट. भर दुपारी डेंटिस्टकडे जायचं म्हणून जीव मुठीत धरून गाडीत बसले. नेहमीची टाळू भाजायची वाट बघतेय — तर काहीच नाही. हात वर केला. काच कोमट. आभाळ तसंच निळं दिसतंय, पण उन्हातली नांगी काढून घेतल्यासारखी.

"रॉइस! फिल्म लावलीस?"

रस्त्यावरची नजर काढली नाही त्यानं. कानाच्या पाळ्या लाल. "हं. लावली."

"कधी? सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात."

"माझ्यासाठी?"

"मग आणखी कोणासाठी गं."

डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून मी हसत होते. बाईंना वाटलं भूल जास्त झाली.

१६ जून

फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला रुबार्ब, ते आंबट लाल देठ, काढला आणि ओव्हनमध्ये त्याचा गोड 'पाय' भाजला. हे वाळवंट रुबार्बचं नाही. बहीण मिनेसोटाहून पाठवते, तो मी नाताळखेरीज काढत नाही. रॉइसनं एकच तुकडा खाल्ला. पोट बरं नाही म्हणाला. ओफेलियाला नेऊन दिला उरलेला. तिला सगळं सांगितलं. "बघ, पुरुषांना उशिरा उजाडतं, पण उजाडतं," असं मीच म्हणाले. मीच!

२५ जून

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी दुपारी भट्टी होते. म्हटलं त्याच दुकानातून तिलाही तीच फिल्म लावून घ्यावी. रॉइसच्या गाडीत पावती नव्हती काही, पण क्लबातले सगळे लायलकडेच जातात, म्हणून तिथंच गेले. लायल ओळखीचा नाही. मोठा गप्पिष्ट माणूस. लाल गाडी, आरपार छप्पर, म्हटल्याबरोबर त्याला आठवलं.

"अहो, कशी विसरेन! तुमचे मिस्टर म्हणाले, पैशाकडे बघू नका, सगळ्यात चांगली लावा. हिला ऊन अजिबात सोसत नाही."

माझे डोळे भरून आले. त्या परक्या माणसासमोर! म्हटलं, "हो, कपाळाचं ऑपरेशन झालंय ना माझं."

तो जरा गोंधळला. "तुमचं? नाही... म्हणजे त्या बाईंचं म्हणत होते ते. बरोबर आल्या होत्या. इथंच बसल्या होत्या की, या बाकावर. लांब बाह्या, हातमोजे, एवढी मोठी टोपी. मी फिल्मचे तुकडे दिव्याखाली धरत होतो आणि त्या खाली हात धरून बघत होत्या, कुठला कमी तापतो ते. त्यांनीच पसंत केली."

मग माझ्या तोंडाकडे बघितलं असेल त्यानं. "बहीण असेल त्यांची," म्हणाला.

रॉइसला बहीण नाही.

खिडकीचं काही न ठरवताच निघाले.

२६ जून

तिनं पसंत केली. तिनं! माझ्या डोक्यावरची सावली दुसरीनं निवडली, आणि मी तिच्याखाली बसून हसले. रुबार्बचा 'पाय' भाजला.

मी मागितली तेव्हा बुडबुडे येणार होते. आभाळ बघायचं होतं.

काल रात्री घोरत होता शांतपणे. मी बघत बसले.

३० जून

ओफेलियाला सांगितलं. ती शिव्या द्यायला लागली, स्पॅनिशमध्ये, बऱ्याच. मग म्हणाली, "तो दर गुरुवारी कुठे जातो?"

"क्लबात. गाड्या पुसतात."

"एवढी चकाकी दिसत तर नाही गं गाडीवर."

४ जुलै, गुरुवार

सगळीकडे झेंडे. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. रॉइस म्हणाला, क्लबाची मिरवणूक आहे, दुपारपर्यंत येतो. आम्ही ओफेलियाच्या व्हॅनमधून मागे गेलो. लाज वाटत होती — या वयात नवऱ्याच्या मागावर! ओफेलियाला लाज वगैरे काही नाही, ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून आली होती.

मिरवणुकीकडे वळलाच नाही तो. वाटेत एका गल्लीत शिरून बाहेर आला, तर शेजारी कोणीतरी बसलेलं. नदीपलीकडे गेला, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जिथं सलाइनमधून औषधं देतात तिथं. सुट्टीच्या दिवशीही उघडं असतं ते. सावलीत लावली गाडी. पळत पलीकडून दार उघडलं. माझं दार त्यानं लग्नातसुद्धा असं उघडलं नव्हतं.

हातमोजे. टोपी. लांब बाह्या, या उन्हात. उतरताना दाराला धरून थांबली, म्हातारीसारखी. मग चालायला लागली.

ओफेलिया म्हणत होती, "जा! उतर! धर तिला!"

मी उतरले नाही. ती चाल मला माहीत आहे. डावा पाय जरा बाहेर टाकते. लहानपणी बूट झिजायचा त्या बाजूनं. मीच शिवून द्यायचे.

कोरिन.

५ जुलै

त्याला विचारलं. सगळं सांगितलं त्यानं, सिंकशी उभं राहून, नळ चालू ठेवून. मार्चपासून इथेच आहे. तो माणूस केव्हाच सोडून गेला. ल्युपस झालाय तिला — ऊन लागलं की अंग उठतं, सांधे सुजतात, ताप चढतो. आणि राहते कुठे, तर या गावात, आपल्या घरापासून चर्च जितकं लांब, तितक्या अंतरावर! बापच नेतो, बापच आणतो. उन्हातून नेल्यावर एकदा तोंडभर चट्टे उठले, म्हणून फिल्म.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिनंच शपथ घातली. आईला कळलं तर मी पुन्हा निघून जाईन, म्हणाली. मी काय करू, मार्लिस? मी दोघींच्या मधे सापडलोय."

रडत होता. मी नळ बंद केला.

९ जुलै

परकी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या.

आजारी लेक, आणि तिला आई नको. इतकं काय बोलले होते मी? तिच्या तापात कपाळावर हात ठेवायला सगळं जग चालेल, हा चालेल, लायल चालेल — मी नाही. आणि हा दर गुरुवारी माझ्या समोर जेवायला बसायचा, मीठ मागायचा, गाड्या पुसून दमलो म्हणायचा. दोघांनी मिळून मला घराबाहेर ठेवलं, माझ्याच घरात बसवून.

१४ जुलै

तो फुलझाडांना पाणी घालतो. मी शिवणयंत्र उघडलं आणि बंद केलं.

२० जुलै

ओफेलिया म्हणाली, "नको म्हणू दे. तोंडावर म्हणू दे. मधल्या माणसाकडून ऐकलेलं 'नको' म्हणजे काय 'नको' असतं का?"

म्हटलं, ती निघून जाईल गं पुन्हा.

"सलाइन लावलेलं असताना कुठे पळणार आहे?"

हसू आलं. मग रडू.

२५ जुलै, गुरुवार

रॉइसचा गुडघा धरला, उठता येईना. टॅक्सी पाठवतो तिच्यासाठी, म्हणाला. मी चावी घेतली आणि निघाले. मागून हाका मारत होता — "मार्लिस, नको! ऐक माझं!" — किती घाबरा आवाज. तेव्हा कळलं नाही.

हॉस्पिटलात पोचले तर ती बसनं आधीच आलेली, हाताला सुई लावून पडलेली. गालावर लाल पंख पसरल्यासारखा चट्टा. मला बघितलं आणि तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं.

"आई! आलीस? बाबांना दर गुरुवारी सांगत होते, आईला आणा, एकदा आणा. ते म्हणायचे, ती तुझं नावसुद्धा काढू देत नाही घरात."