हिरव्या कागदाचे साहेब

चाकण, सोमवार

आक्काला धाकट्या कस्तुराचा जयभीम. तुझी कंबर कशी हाय, आणि दाजींची चिडचिड? आमी बरे हाय म्हणलं असतं, पण आमच्या पोरीच्या, मैत्रीच्या, छातीत डॉक्टरला कसला तरी जादा आवाज आला. त्यांनी चित्र काढून लय समजावलं, शेवटी म्हणले, "कळलं का?" मी म्हणलं, "हो सर." आमच्या ह्यांनीबी मान हलवली. बाहेर आल्यावर हेच मला विचारतात, "काय म्हणले गं?" तवापासून लय भीती वाटते. फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते.

आता कामावरची गंमत ऐक. (मी चहापाणी बघते ना, तिथं गाड्यांच्या बॅटऱ्यांवर संशोधन चालतं.) तिथल्या शास्त्रज्ञांना कॉम्प्युटर शिकवायला सुखदा मॅडम आल्या. मला वाटलं, ह्यांना काय शिकवायचं? तसं न्हाई! आमचे मधुसूदन सर, केस पिकलेले, बॅटरी का फुगते ते झोपेत सांगतील. पण त्यांच्या फायलींची नावं बघ : 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरा फायनल', 'हाच घ्या'. मॅडमनी विचारलं, यातली खरी कोणती? सर म्हणले, थांबा, क्षितिजला फोन लावतो. (क्षितिज सरांच्या फायली सांभाळायचा, पण तो कवाच नोकरी सोडून हिंजवडीला गेलाय. ट्रॅफिकमधी असंल, उचलेना.)

मग मॅडमनी माझ्या हातनं सगळ्यांना दोन-दोन चिकटणारे कागद वाटले. जमलं तर लॅपटॉपवर हिरवा लावायचा, अडलं तर गुलाबी. मी म्हणलं, तोंडानं का न्हाई विचारायचं? मॅडम म्हणल्या, "मोठ्या माणसांना लाज वाटते, ताई." मला लय नवल वाटलं. चहा द्यायच्या निमित्तानं एकेकाच्या मागं उभी राहून बघितलं. (एकाच्या बशीत निम्मा चहा सांडला, त्याला पत्ताच न्हाई.) सगळीकडं हिरवंगार, कोथिंबिरीचा टेम्पो आल्यागत! मॅडम खूश, भराभर पुढं. जेवायच्या आधी म्हणल्या, आता आपण बनवलेली फाईल उघडून दाखवा. एकाकडंबी न्हाई! मधुसूदन सर शेजारच्या चित्रा मॅडमचं बघून करत होते, आणि चित्रा मॅडम सरांचं बघून. शेवटी सरांनीच हिरवा उपटला, गुलाबी लावला आणि म्हणले, "मला सकाळपासून काही कळलेलं नाही." आक्का, मग टराटरा सगळ्यांचेच हिरवे निघाले की! मॅडम रागावल्या न्हाईत, हसल्या आणि पहिल्यापासून शिकवलं. संध्याकाळी सर मला हाका मारून दाखवत होते, "कस्तुरा, बघ, फाईल सापडली!"

मी किटली धरून उभी. इतकं शिकलेली माणसं, तरी 'कळलं न्हाई' म्हणायला दुपार का व्हावी लागते गं?

दाजींना जयभीम, पोरांना पापा.

तुझी कस्तुरा

ता.क. खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. पुढच्या गुरुवारी मैत्रीची मोठी तपासणी हाय. तू ये. एसटीच्या कंडक्टरला तू एकच गोष्ट चारदा विचारतीस, तवा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तसंच डॉक्टरला विचार.

ता.क. दुसरं : सगळं तुझ्यावर टाकत न्हाई, पहिला प्रश्न मीच विचारीन. पण सवयीनं तोंडातनं "हो सर" निघालं, तर तिथंच चिमटा काढ. आमच्या दोघांच्या मधी बस. मान हलवायच्या आत ह्यांनाबी काढ. दोन हात हायेत तुला.