डागवाल्या मावशीची विक्री

माझ्या धंदेवाईक भाच्यास,

लाँड्रीत कपडे धुताधुता मी डागांबद्दल बोलायचे आणि तू ते ब्लॉगवर टाकायचास. ‘डागवाली मावशी’ हे नावही तुझंच. वाचणारे वाढले तसा तू ब्लॉग विकून टाकलास आणि वर मलाच शिकवलंस, ‘मावशी, ब्लॉग म्हणजे दुकान. चालायला लागलं की विकायचं.’ दुकान विकलंस ते विकलंस, पण गल्ल्यावर बसलेली मावशीही विकलीस?

नवा मालक अजून माझ्याच फोटोखाली लिहितोय. डाग कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. त्याची धुण्याची पावडर खपावी म्हणून मावशी आता सांगते, रक्ताचा डाग ही पावडर टाकून उकळत्या पाण्यात घाला. अरे, त्याने डाग शिजून पक्का होतो.

काल तुझी आई लाँड्रीत आली होती. तुझ्या बाबांची लोकरीची शाल रफू करताना तिच्या बोटाला सुई टोचली, आणि तिने ब्लॉगवरच्या मावशीचं ऐकलं. शाल आटून बाहुलीच्या मापाची झाली आहे. डाग तसाच.

‘ते गेल्यापासून तेवढीच होती गं,’ ती म्हणाली. ‘तू असं कसं लिहिलंस?’

ब्लॉग तू विकलास हे तिला ठाऊक नाही. तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, ‘चुकलं माझं, ताई.’

तुझ्या घरी आलेलं पत्र आधी तीच उघडते, म्हणून हे टाकणार नाही. आज जेवताना ती तुला माझी चूक सांगेल. तेव्हा निदान मान खाली घालून ऐक.

विकून उरलेली,
तुझी मावशी