रेघ

२४ मे
डीनाचा फोन. आमचा बेसबॉल क्लब तीच चालवते. दोन जूनला जुन्या काळचा खेळाडू लू गेरिग याचा दिवस — सामन्याआधीचा पहिला चेंडू आमच्या विंडेलनं टाकायचा. हो म्हणालो.
गेरिगला झाला तोच आजार माझ्या या धाकट्या भावाला. एकेक स्नायू काम सोडून देतो. इथे अमेरिकेत आजाराला त्याचंच नाव पडलंय.
काही वाटलं नाही. मैदानावर पाणी मारलं.

२६ मे
विंडेल म्हणतो, टाकीन तर माउंडवरून. डीना म्हणते, पेशंट लोक पुढे गवतावरून टाकतात.
"गवतावरून शाळेतली पोरं टाकतात! मी या क्लबचा पिचर होतो, बाई."
मातीचा तो उंचवटा मीच बांधतो. पुस्तकं वाचून शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही. विचारलं, तुझ्यासाठी चढ जरा कमी करू का?
"हात लावून तर बघ!"

२८ मे
तिसऱ्या बेसपाशी फक्कीची रेघ वाकडी गेली. फक्कीच्या गाडीचं चाक ओढतंय. तेल घातलं. पुसून पुन्हा मारली — पुन्हा तेच.

२९ मे
विंडेलला सूप भरवलं. जीभ जड झालीय, तरी गेरिगची गोष्ट सांगायची हौस. "साधा चेंडू अडवला रे त्यानं, रोजचाच. तर सगळे पाठ थोपटायला लागले. तेव्हा कळलं त्याला, अंग साथ सोडतंय. साध्या कामाला शाबासकी मिळाली, की समजायचं!"
म्हटलं, तोंड पूस.
"तूच पूस. डावा हात रजेवर आहे. उजवा दोन जूनसाठी राखून ठेवलाय."

१ जून
विंडेलला उद्याचे बूट घालून पाहिले. नाडीची गाठ माझ्या हातून दोनदा सुटली. नायलॉनची नाडी, गुळगुळीत. सुती आणली. विंडेल माझ्या बोटांकडे बघत होता.
"काय बघतोस?"
"काही नाही."

२ जून
सगळ्या पोरांच्या पाठीवर गेरिगचा चार नंबर. विंडेलला माउंडवर चढवलं, मागून पट्टा धरून उभा राहिलो. चेंडू अर्ध्यात पडला. मग घरंगळत गेला — फलंदाजाच्या प्लेटवरून, मधोमध! कडेनं नाही.
लोक उभे राहिले. कुंपणापाशी गावोगावचे पेशंट खुर्च्यांवर. त्यातली एक बाई डीनाला ओरडून म्हणाली, "पुढच्या वर्षी मी! आणि गवतावरून नाही हं, सांगून ठेवते!"
विंडेल रडला. मी पट्टा धरून होतो. एवढंच.

३ जून
फक्कीच्या गाडीचं चाक खोलून पाहिलं. चाक ठीक आहे.

५ जून
विंडेल मैदानावर आला. मी रेघा मारत होतो, तो कुंपणापाशी खुर्चीत. काम संपल्यावर म्हणाला, "रेघ छान सरळ आली हं, दादा." आणि लगेच तोंड फिरवलं.
इतकी वर्षं रेघा मारतोय मी. शाबासकी पहिल्यांदाच.