आईच्या नावाचा अर्ज

२० ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करायला गुडघे नाही म्हणतात, तेव्हा उभ्यानेच घे. दाजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक. आई मजेत.

हिला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोन मोकळा नसतो गं. आमच्या घरातले सगळे फोन सध्या जेवण मागवण्यात गुंतलेत.

मोटरसायकलवरून घरोघरी जेवण पोचवणारी ती कंपनी शेअर बाजारात उतरतेय. आपल्यासारख्या किरकोळ माणसांनाही तिचे शेअर मागता येणार. त्यासाठी आमच्या इमारतीत गुंतवणूक मंडळ निघालंय. अध्यक्ष आहेत दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले. कंपनीचं जाडजूड माहितीपत्रक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, म्हणून सगळे त्यांना माहितीकाका म्हणतात. सभा जिन्यात भरते. वरच्या पायऱ्यांवर अनुभवी, खालच्यांवर नवशिके, आणि आमचे हे मध्ये कठड्याला टेकून, म्हणजे दोन्हीकडून मान डोलावता येते.

"नफा किती होतो कंपनीला?" मी विचारलं.

"होत नाही."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच. पण तोटा दरवर्षी कमी होतोय, वहिनी. ते बघा ना."

"आमचे धाकटे दीर असेच. दरवर्षी एक विषय कमी राहायचा."

कोणी हसलं नाही. काकांनी जोखमीचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. आम्हाला कधीकाळी नफा होईलच असं सांगता येत नाही, असं खुद्द कंपनीने छापलंय. ते ऐकून लोक भारावले. "किती प्रामाणिक माणसं!" म्हणाले. एवढ्या प्रामाणिकपणे कोणी खिशात हात घातला तर आपणच खिसा जरा सैल करून द्यायचा, दुसरं काय.

मग ठराव झाला. पैसे लावायचे तर आधी खाऊन बघायचं. अर्जाची मुदत संपेपर्यंत कोणी घरात स्वयंपाक करायचा नाही, दोन्ही वेळचं कंपनीकडूनच मागवायचं आणि वेळ, चव, पॅकिंग यांची चर्चा जिन्यात. ह्यांचा उत्साह तुला माहीत आहे. गॅसचा सिलिंडरच परत करून आले. शेगडी माळ्यावर गेली, ओट्यावर आता ह्यांचा कॉम्प्युटर आहे.

आई एक गंमत करते. डबा आला की भाजी चाळणीत ओतते आणि नळाखाली धरते. "मीठ फार घालतात मेले," म्हणते. ह्यांचं म्हणणं, आई सगळा अभ्यास धुवून काढतात. तू पाठवलेला आईच्या पथ्याचा तक्ता फ्रिजवर आहे हं अजून. त्याच्यावर कंपनीची कूपनं लावलीत, एवढंच.

तुझी,
धाकटी


५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझे तीन मिस्ड कॉल बघितले. करते, करते म्हणत राहिलं. आई झोपली होती.

बातमी अशी की आपली आई भांडवलदार झाली. शेअर मागणारे फार, म्हणून सोडत निघाली. ह्यांनी स्वतःचा, माझा, आमच्या बाळ्याचा आणि आईचा असे चार अर्ज भरले होते. सगळ्यांत मोठा आईचा, कारण ह्यांच्या मते म्हाताऱ्या माणसांच्या नावाला यश असतं. आमच्या तिघांच्या वाट्याला भोपळा. आईला शेअर लागले! माहितीकाका हार घेऊन आले. मला वाटलं चुकीच्या दारात आले.

अर्ज ज्याचा, पैसे त्याच्याच खात्यातले, असा नियम आहे. त्यामुळे तिची ती आजारपणाची ठेव जरा मोडावी लागली. आठच दिवसांचा प्रश्न आहे. बाजारात शेअर आला की पहिल्या दिवशी विकायचा, ठेव पुन्हा करायची, वरची रक्कम नफा. काकांनी पाठीवर थाप मारून सांगितलंय.

सिलिंडर परत आणू या, असं मी म्हटलं. मुदत संपली, अभ्यास झाला. तर हे म्हणाले, "आता आपण मालक आहोत. मालकानेच माल खाल्ला नाही तर बाहेर काय संदेश जाईल?" आख्ख्या इमारतीत हाच संदेश पसरलाय. जेवणाच्या वेळी दारात मोटरसायकलींची गर्दी बघून काका खिडकीतून सुखावतात. "बघा, मागणी!" म्हणतात. मागणी आपणच आहोत, हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. हल्ली पुष्कळ गोष्टी जिभेवरच राहतात.

आई बरी आहे. जुन्या चपला चढेनात म्हणून नव्या घेतल्या, एक नंबर मोठ्या. आताशा ती आडवी होत नाही, खुर्चीत बसूनच झोपते. म्हणते, बसलं की बरं वाटतं. भाजी धुवायचं मात्र सोडलंय. उभं राहवत नाही म्हणाली. मी धुवून देणार होते. रोज काहीतरी राहून जातं.

दाजींना नमस्कार. त्यांनीही शेअर घ्यावे का, असं पत्रात विचारलं होतंस. माझं मत विचारू नकोस.

धाकटी


१३ नोव्हेंबर

ताई,

दवाखान्याच्या कँटीनमधून लिहितेय. आई परवापासून इथे आहे.

फोन का करत नव्हते, आता सांगते. तू फोन उचललास की पहिलं वाक्य "आईला दे" असतं. तिला दोन शब्द बोलायला धाप लागत होती, ते तुला तिथे बसल्या कळलं असतं. म्हणून पत्रं. पत्रात धाप ऐकू येत नाही.

हृदय दमलंय, फुप्फुसांत पाणी झालंय. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरचं अळणी जेवतात ना?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे. झडप बदलावी लागेल म्हणतात, आणि थांबण्यासारखं नाही म्हणतात. त्यासाठी अनामत भरायची. अशाच वेळेसाठी बाबांनी ठेवलेली ठेव आज कुठे आहे, ते तुला माहीतच आहे. आमचे अर्जाचे पैसे सुटून आले होते, पण ह्यांनी ते लगेच दुसऱ्या कंपनीच्या रांगेत उभे केलेत.

आज सकाळी शेअर बाजारात आला. तो विकायला आईच्या फोनवर परवानगीचा आकडा येतो आणि आईचा फोन तिच्या अंगठ्याने उघडतो. तिच्या तोंडावर मास्क होता, डोळे अर्धे मिटलेले. हे म्हणाले, "आई, जरा हात." तिला वाटलं दवाखान्याचा कागद असेल. "कुठे लावू, जावईबापू?" एवढं म्हणायला तिला केवढा वेळ लागला. ह्यांनी तिचा अंगठा धरला आणि काचेवर टेकवला. सुजलेला होता, फोनला ओळख पटेना. पुसून पुन्हा टेकवला. हात चादरीखाली होता, ताई. चादर मी बाजूला केली.

फोन उघडला. शेअर घेतल्या भावाच्या खाली उघडला होता आणि आणखी घसरत होता. हे स्क्रीनकडे बघत उभे राहिले, बटण दाबेनात.

"विका," मी म्हटलं.

"पडत्या भावात कोणी विकतं का? काका म्हणतात, पंधरा दिवसांत वर येईल."

"आणि आई?"

"आईंनी जरा धीर धरायला हवा," म्हणाले. रागाने नव्हे गं. अगदी मायेने म्हणाले, तिच्या अंगावरची चादर सारखी करत. या माणसाबरोबर माझी चोवीस वर्षं झाली. मला त्यांची भीती पहिल्यांदा वाटली.

आता ते खाली काकांशी बोलतायत. मंडळ भेटायला आलंय. आईच्या बिछान्याशी डबा ठेवलाय, कंपनीचा, वर 'लवकर बरे व्हा' असं लिहिलेला.

आईचा फोन माझ्या पर्समध्ये आहे. हे पत्र पोस्टात टाकते आणि वर जाते. या वेळी अंगठा मी धरणार. मिळेल त्या भावाला विकणार. तेवढ्याने अनामत भागेल का, मला माहीत नाही. उरलेलं तुला मागणार आहे. आणि तिने विचारलं, "आता कुठे लावू?" तर खरं सांगणार आहे.

मग तुला फोन करीन. पत्र तुला नंतर मिळेल, फोन आधी येईल. तू उचलशील आणि सवयीने "आईला दे" म्हणशील. मी काही बोलले नाही, तर तू लगेच ठेवू नयेस, एवढंच वाटतं.

चादर बाजूला करणारी,
तुझी बहीण