हिरवळीला रोज, घरांना आठवड्याने

एप्रिल, शुक्रवार संध्याकाळ

उदगीरच्या गोल्फ कॉलनीत या दुष्काळातही हिरवळीला रोज टँकर जातो. घरांना आठवड्यातून एकदा पाणी. टँकरवाले गफूरभाईच म्हणाले, "हाव साहेब, पहिला नंबर गवताचा हाय."

दोन वर्षांपूर्वी तिथं घर बघायला गेलो होतो. आडनाव ऐकून कॉलनीचे सेक्रेटरी गोड हसले, "तुम्हाला इथं करमायचं न्हाई."

आज आमच्या पेपरच्या घरांच्या पुरवणीसाठी याच कॉलनीची नांदेडच्या एका कॉलनीशी तुलना लिहिली. उदगीर नवा जिल्हा होणार या चर्चेमुळे घरांच्या भावात उदगीर वर, राहण्यात मात्र खाली. सूड म्हणून लिहिलं का? हो. पण एक शब्द खोटा नाही. हिरवळीचा फोटो मुद्दाम मोठा लावलाय.

उद्या अंक निघाला की सेक्रेटरींचा फोन येईल. विचारणार आहे, "तुम्हाला तरी करमतंय का तिथं?"